वीस तोंडांचा कौल

माझी नात पुण्यात कॉम्प्युटरचे गेम बनवणाऱ्या एका ऑफिसात आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "आजी, आमच्याकडे रोज जेवणाच्या सुट्टीत भांडणं चाललीयत. टेबलावर फासे टाकून खेळायच्या त्या जुन्या खेळांमधलं कुठलं जग आता नव्यानं कॉम्प्युटरवर यायला पाहिजे? तू तर खेळलीयस ते. सांग ना."

या वयात बाईला लोक लोणच्याचं प्रमाण विचारतात, फार तर गुडघ्यांची चौकशी करतात. जग निवडायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मी फोनवर बोलायला चष्मा लावला आणि तासभर बोलले.

माझ्याकडे अशा खेळांच्या तीन पेट्या होत्या. माझा भाऊ जहाजावर नोकरीला. परदेशातून येताना लोक सेंट आणतात, चॉकलेटं आणतात. यानं तीन खेपांना तीन पुठ्ठ्याच्या पेट्या आणल्या, कारण लहानपणी वाईला मी त्याला गोष्टी सांगून भरवायचे आणि हे खेळ म्हणजे गोष्टीच होत्या. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करणार ते आपापलं ठरवायचं. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. फासेही नाना तऱ्हेचे, चार तोंडांचा, आठ तोंडांचा, सगळ्यांत मोठा वीस तोंडांचा. आणि प्रत्येक पेटीत एक अख्खं जग, नकाशांसकट आणि भुतांसकट.

पहिली पेटी वाळवंटाची. मेलेल्या समुद्राच्या तळावरून पाण्याच्या पखाली मोजत तांडे न्यायचे. ही मात्र कॉम्प्युटरवर आणाच, मी नातीला म्हटलं. तहान मोजायला दयामाया नसलेला कोणीतरी लागतो. गोष्ट सांगणारं माणूस असलं की तिसऱ्या दिवशी त्याला कीव येते आणि ते वाटेत एक झरा काढून देतं. मशीन झरा काढून देणार नाही. दुसरी पेटी उडत्या बेटांची. दिसायला देखणी, पडद्यावर तर फारच शोभेल, पण तिच्यात कुणाचं काही जात नव्हतं. माणूस पडला तरी खालच्या बेटावर अलगद उतरायचा. लग्नाच्या हॉलसारखी, नुसते फोटो चांगले येतात. तिसरी धुक्यातल्या शहराची. तिथले रस्ते रोज जागा बदलतात आणि हाक मारणारा कधी दिसत नाही. तिला हात लावू नका म्हटलं. धुकं काढाल तुम्ही पडद्यावर, पण धुक्यातून हाक मारायची तर सांगणाऱ्याला मध्येच थांबावं लागतं, समोरच्याचा श्वास कुठे अडकलाय ते ऐकावं लागतं. ते कॉम्प्युटरला कोण शिकवणार.

नात खूश झाली. मग म्हणाली, "आणि चौथं? तुझ्या वहीतलं? पाण्याखालचं गाव? मला खरं म्हणजे तेच करायचंय."

मी म्हटलं, कुकरची शिट्टी झाली गं, ठेवते. कुकर लावलेलाच नव्हता. म्हणून हे लिहिते आहे.

नव्वदीची मधली वर्षं. आम्ही कोयनानगरला धरणाच्या कॉलनीत क्वार्टरमध्ये राहायचो. यजमान वीजघरात शिफ्टला, मुलगा कराडला शिकायला. मी बेचाळीस वर्षांची, वाईची बी.ए., इंग्रजीत दुसरा वर्ग, आणि तो वर्ग कॉलनीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक असेल याची पक्की खबरदारी घेणारी. पेट्यांमधली पुस्तकं इंग्रजीत होती म्हणून गोष्ट सांगायचा मान आपोआप माझ्याकडे. टेबलावर माझ्यापुढे एक पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा. त्याच्यामागे माझे कागद, माझे फासे. खेळणाऱ्यांना मी टाकलेला फासा दिसायचा नाही, आकडा मी तोंडानं सांगायचा. आडोशामागे बसले की मला कणभर देव झाल्यासारखं वाटायचं. आज त्या बाईचा फोटो पाहिला की मान एवढी ताठ कशाला ठेवली होती तेच कळत नाही.

खेळायला दोघीजणी. एक शेजारच्या वहिनी, माहेर दुष्काळी म्हसवडकडचं. दुसऱ्या आक्का, साठीच्या पुढे, कॉलनीच्या टोकाला मुलाजवळ राहायच्या. मुलगा धरणावर रोजंदारीवर होता. दुपारी जेवणं उरकली की दोघी यायच्या, भांडी घासून ओले हात पदराला पुसत.

वाळवंटाचं जग वहिनींना पटेना. पहिल्याच दुपारी मी भारदस्त आवाजात सांगितलं की माणशी दिवसाला दोन तांबे पाणी, त्यातच सगळं भागवायचं. वहिनी वाट बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं, फुडं?"

"पुढे काय? हेच संकट आहे."

"ह्ये? आवं ताई, ह्ये आमच्याकडं चैतापास्नं चालू असतंय. ह्यात राक्षस कुठं हाय?"

त्यांनी तो तांडा अशा शिस्तीत पार नेला की पेटीतल्या वाळवंटी राजाची सगळी कारस्थानं वाया गेली. भांडी कशी झाकायची, बैलाला कधी पाजायचं, तोंड धुतलेलं पाणी कशाला वापरायचं, सगळं त्यांना तोंडपाठ. मी आडोशामागे पानं उलटत बसले.

धुक्याचं शहर वहिनींना भावलं. कोयनेला पावसाळ्यात धुकं खिडकीतून आत येतं, मी मुद्दाम खिडकी उघडी ठेवायचे. पण आक्का नाराज. त्या दर गल्लीत शिरण्याआधी विचारायच्या, पाणवठा कुठं? शीव कुठं? गावाचा देव कुठला? पेटीत याची उत्तरं नव्हती. मी काहीतरी थापा मारायचे.

"गुरविनबाई," त्या एकदा म्हणाल्या. मला त्या थट्टेनं तसंच म्हणायच्या. "तुज्या ह्या गावाला देव न्हाई, पानवठा न्हाई, मानसं मेली तर कुठं जाळत्यात त्ये बी ठाव न्हाई. कुनी वसवलं ह्ये?"

"परदेशातल्या लोकांनी, आक्का."

"मंग त्यास्नी म्हनावं, आदी गावात ऱ्हाऊन बघा."

आणि मग त्यांनी स्वतःचं गाव काढलं. त्यांचं सासर धरणात बुडालेलं होतं. हे आम्हाला माहीत होतं, पण कॉलनीत अशी बरीच माणसं होती, त्याचं कोणी काही विचारत नसे. त्या दुपारी आक्कांनी टेबलावर माझी बशी मध्ये सरकवली आणि म्हणाल्या, हे भैरोबाचं देऊळ. कप म्हणजे विहीर. साखरेचा डबा म्हणजे खळी. चमचा आडवा ठेवला, ती नदी. बोटानं टेबलावर वाट काढत त्या विहिरीपासून देवळापर्यंत गेल्या आणि वाटेत कोणाच्या दारात कसलं झाड ते सांगत गेल्या. महिनाभर मी दोनशेपानी वहीत लिहून घेत होते. नकाशा काढला. असं ते चौथं जग झालं.

त्यात भुतं मी घातली नाहीत. ती आक्कांनीच घातली. मी विचारलं होतं की पाण्याखालच्या गावात राहत कोण असेल. त्या म्हणाल्या,

"गाव उठल्यापास्नं जी जी मेली ती सगळी. त्यास्नी दुसरं गावच न्हाई की. पुनर्वसनात जातील व्हय? तितला रस्ता त्यास्नी कुठं ठाव हाय."

वहिनींनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

मग मी नियम केले. पाण्याखाली उतरायचं, घसा पाण्यानं भरतो, पुढचं पाऊल टाकायचं तर स्वतःची एक खरी आठवण मोठ्यानं सांगायची. एकदा सांगितलेली आठवण पुन्हा चालत नाही. आक्का आणि वहिनी त्या गावात उतरायच्या आणि मी तिथल्या मेलेल्या माणसांच्या आवाजात बोलायचे. मला फार आवडायचं ते. एका दुपारी मी आक्कांच्या सासूच्या आवाजात म्हटलं, "चुलीवरचं दूध बघ गं." आक्का उठल्या आणि सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेल्या. दूध खरंच वर आलं होतं. गॅस बंद करून त्या परत येऊन बसल्या. चेहरा उतरला होता. म्हणाल्या, "ह्ये तुला कुनी सांगितलं? आत्याबाई असंच म्हनायच्या." मी मनात म्हटलं, सगळ्याच सासवा असंच म्हणतात. पण वरून गूढ हसले. बेचाळीस वर्षांची गाढवीण.

वर्षभरानं आक्कांच्या मुलाला पुनर्वसनाची जमीन मिळाली. गाव उठल्यावर इतक्या वर्षांनी, आणि तीही सांगलीच्या पुढे, मिरजेच्या पलीकडे, जिथे निम्मी माणसं कानडी बोलतात. मुलगा निघाला. कॉलनीतली खोली सोडायची होती. आक्कांपुढे दोन वाटा. मुलाबरोबर जायचं, नाहीतर पाण्याच्या वर डोंगरात त्यांची विधवा जाऊ एका वाडीत राहायची, तिच्याजवळ राहायचं. त्या आजवर त्या पाण्याच्या नजरेआड कधी राहिल्या नव्हत्या.

आठ दिवस त्या खेळायला येऊन गप्प बसायच्या. मग एका दुपारी म्हणाल्या, "आज द्येवळापत्तूर जायाचं."

त्या आणि वहिनी आठवणी देत देत विहिरीपासून देवळापर्यंत आल्या. वहिनींनी त्या दिवशी दिलेली आठवण मी इथे लिहिणार नाही. आक्का देवळाच्या उंबऱ्यावर थांबल्या.

"कौल लावायचाय."

त्यांच्याकडे देवाच्या मूर्तीला दोन बाजूंना फुलं चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. गुरव सांगतो. एकदा मागितलेला कौल त्याच प्रश्नासाठी पुन्हा मागायचा नाही, ती देवाची परीक्षा होते. आक्कांचे सासरेच गुरव होते. फुलांच्या जागी आमचा वीस तोंडांचा फासा, हे आक्कांनीच ठरवलं. अकरा किंवा वर उजवा, खाली डावा.

"काय विचारता?" मी भैरोबाच्या आवाजात विचारलं.

"ल्येकासंगं जाऊ का?"

मी खेळत होते. त्या खेळत नव्हत्या. एवढंही मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. कळलं होतं. मी तरी फासा टाकला.

आडोशामागे सतरा पडला. स्वच्छ सतरा, माझ्याकडे तोंड करून थांबलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात भूकंपाचा धक्का आला. कोयनेला धक्के काही नवीन नाहीत. कॉलनीत बायका बोलणं थांबवतात, भांडी वाजायची थांबली की पुढचं वाक्य बोलतात. तसाच एक लहानसा. कपबश्या वाजल्या, खिडकीची काच थरथरली, आणि माझ्यासमोर तो फासा कलंडला. दोन.

आडोशामागचं कोणाला दिसलं नव्हतं. पेटीतल्या नियमात थांबलेला फासा खरा धरतात, हे मला पाठ होतं. सतरा खरा होता. पण तेवढ्या एका श्वासात माझ्या मनात दोन गोष्टी आल्या. पहिली, देव बोलताना जमीन हलली, यापेक्षा चांगला प्रसंग मला जन्मात रचता येणार नाही. दुसरी, आक्का गेल्या तर खेळ संपला. नुसत्या वहिनींबरोबर मी काय करणार, परत वाळवंट?

"दोन," मी म्हटलं. "डावा."

वहिनींचा हात तोंडावर गेला. आक्कांनी टेबलाला हात लावून कपाळाला लावला. म्हणाल्या, "हलून सांगितलं."

मुलगा गेला. आक्का वाडीत राहिल्या. दुपारी दीड-दोन तास चालत खेळायला यायच्या, कधी खतांच्या गाडीवर बसून. मला पहिले दोन महिने काही वाटलं नाही. उलट पाण्याखालच्या गावात मी आणखी दोन वाड्या वसवल्या. मग पावसाळा लागला आणि त्या येईनाशा झाल्या. गणपतीत वहिनींबरोबर मी वाडीत गेले. आक्का चुलीजवळ गोधडी घेऊन बसल्या होत्या, खोकून खोकून आवाज बसलेला. छप्पर गळत होतं. जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ल्येकानं तीनदा मानूस धाडला न्यायला. ही म्हनती, द्येवानं नगं म्हटलंय. कुठल्या द्येवानं सांगितलं, त्ये बी सांगत न्हाई."

मी चहा प्यायले आणि उतरायला लागले. वाटेत वहिनी म्हणाल्या, "ताई, गप का?" मी म्हटलं, चप्पल चावतेय.

त्यानंतर मला ते घर नकोसं झालं. दुपारी टेबलापाशी बसले की आडोशाच्या पलीकडे कोणीतरी बसलंय आणि आकड्याची वाट बघतंय असं वाटायचं. भांडी वाजली की मी मनात म्हणायचे, सतरा. झोपेत नाही, जागेपणी, भाजी चिरताना. यजमानांनी एकदा विचारलं, काय मोजतेस? मी म्हटलं, भेंड्या.

दिवाळीत नणंदेची मुलगी आली. ती सांगलीला कॉम्प्युटर शिकत होती, शेवटचं वर्ष. तिला प्रोजेक्ट म्हणून खेळ बनवायचा होता आणि माझ्या पेट्या तिला लहानपणापासून माहीत. "मामी, यातलं कुठलं जग घेऊ?" मी तिला वाळवंटाची बाजू पटवायला नंतर पाच पानी पत्रही लिहिलं, मशीनला कीव नसते वगैरे. तिनं उत्तर पाठवलं की मामी, वाळवंट मी पाहिलेलं नाही, पाणी पाहिलंय. दिवाळीत तिनं माझी वही गुपचूप उतरवून नेली होती.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. उन्हाळ्यात मी एकटी सांगलीला गेले आणि भाचीला सगळं सांगितलं. मग म्हटलं, "आक्का मशीनसमोर बसतील. कौल मागतील. तुझ्या मशीननं उजवा द्यायचा."

"मामी, म्हणजे मी फासा खोटा करू?"

"एकदाच. सुधारण्यासाठी."

"तुम्ही खोटं बोललात ते सुधारायला मी खोटं बोलायचं."

"तू नाही, मशीन."

"मशीनला मीच शिकवते." मग तीच म्हणाली, "एक ओळ टाकावी लागेल. आणि प्रोजेक्ट दाखवायच्या आधी काढेन."

मी परत येऊन वाडीत गेले. पाणी खूप खाली गेलं होतं, काठाला गाळाच्या पायऱ्या पडल्या होत्या. आक्का आता बऱ्या होत्या, वाळलेल्या. मी म्हटलं, चला सांगलीला, भाचीनं तुमचं गाव मशीनमध्ये घातलंय.

"मशिनीत? पान्यातनं काढून?"

"हो, तसंच समजा."

"कोरडं असंल का?"

मी म्हटलं, बघायलाच चला.

कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायला लावायचे, धुळीनं मशीनं बिघडतात म्हणून. आत गारवा, जाड पडदे. आक्कांनी चपला काढल्या, पाय पायपुसण्यावर पुसले, आत येऊन मशीनच्या काळ्या पडद्याला हात जोडले. भाची त्यांच्या शेजारी बसली. पडद्यावर चित्रं नव्हतीच, नुसती अक्षरं, आणि तीही इंग्रजी लिपीत लिहिलेली मराठी. भाची वाचून दाखवायची आणि आक्का सांगतील ते टाइप करायची. मी मागे उभी.

"तुम्ही विहिरीजवळ उभ्या आहात," भाचीनं वाचलं.

आक्का लगेच म्हणाल्या, "डाव्या हाताला वळ."

"डावीकडे जांभळाचं झाड. खळी."

"चल फुडं."

त्या नुसत्या चालत राहिल्या. मला वाटलं होतं भरभर देवळाकडे जातील. त्या प्रत्येक दारापाशी थांबत होत्या. एका ठिकाणी त्या म्हणाल्या, "हितनं आत घ्ये, आमच्या परसात." भाचीनं टाइप केलं. पडद्यावर उत्तर आलं की तिकडे रस्ता नाही. माझ्या नकाशात परस नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. आक्का समोरून घरात शिरल्या.

"घर. चूल. इथे कोणी नाही," भाचीनं वाचलं.

"हाक मार."

भाचीनं काहीतरी टाइप केलं. "इथे कोणी नाही."

"आत्याबाई म्हनून मार."

"इथे कोणी नाही."

टेबलावर असतं तर मी बोलले असते. आत्याबाई बोलल्या असत्या, दूध बघायला सांगितलं असतं. माझ्या घशाशी आवाज आलाही होता. मशीन मात्र तेवढंच एक वाक्य सांगत राहिलं, न चिडता, न थांबता. आक्का सगळ्या घरांतून फिरल्या. लोहाराचं घर, सुताराचं घर, तालीम. "इथे कोणी नाही." मशीनचा पंखा घुमत होता. इतके महिने मी ज्या गावात दुपारभर बडबड करत होते, ते असं होतं.

"खरं बोलतंय ह्ये," आक्का म्हणाल्या.

शेवटी देऊळ आलं. भाचीनं वाचलं, "भैरोबाचा गाभारा. कौल मागायचा आहे का?" आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं लक्ष आक्कांच्या पाठीकडे.

"न्हाई," आक्का म्हणाल्या.

मी पुढे झाले. "विचारा ना आक्का. इथवर आलाय."

"कौल एकदाच असतोय, गुरविनबाई. झालाय माजा."

झालं. भाचीची ती एक ओळ मशीनमध्ये तशीच पडून राहिली. भाचीनं खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाली, मी पाणी घेऊन येते. पोरगी शहाणी होती. जाताना दार लावून गेली.

मी आक्कांना सांगितलं. उभ्यानंच. सतरा पडला होता, मग धक्का आला, मग दोन झाला. नियमानं सतरा खरा. मी दोन सांगितलं. का सांगितलं तेही सांगितलं, कारण आता अर्धं सांगण्यात काही अर्थ नव्हता. तुम्ही जाऊ नये म्हणून. मला खेळायला कोणी राहिलं नसतं म्हणून.

आक्का पडद्याकडेच बघत होत्या. तिथे तो प्रश्न अजून तसाच होता, कौल मागायचा आहे का.

"दोनदा वाजलेलं ऐकलं म्या," त्या म्हणाल्या. "फासा. टाकल्यावर येकदा, मंग परत. म्हटलं, द्येवानं मन बदाललं आसंल."



"आमचं गाव उठलं तवा साहेब आला, तलाठी आला, मास्तर आला. समद्यांनी सांगितलं जावा. माज्या बानं सांगितलं जा. मालकानं सांगितलं चल. ऱ्हा म्हून कुनी म्हटलं न्हाई बग." त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. "तू म्हटलंस. खोटं बोलून का व्हईना."

बाहेर येऊन त्यांनी चपला घातल्या. स्टँडवर गेल्यावर मी कराडच्या गाडीची चौकशी करायला निघाले तर त्यांनी माझा हात धरला आणि मिरजेची गाडी कुठं लागते ते विचारलं. मी म्हटलं, आक्का, असं तडक? अंगावरच्या लुगड्यानिशी? त्या म्हणाल्या, ल्येकाच्या घरी लुगडं असंल की सुनंचं. भाचीनं त्यांना गाडीत बसवलं, शेजारच्या बाईला उतरायची जागा सांगून ठेवली. मी खिडकीखाली उभी होते, काहीतरी मोठं बोलायला हवं म्हणून शब्द जुळवत.

"माजं गाठुडं तेवडं वाडीतनं आनून धाड," आक्का म्हणाल्या. गाडी सुटली.

परत जाताना मी अख्ख्या रस्त्यानं स्वतःवर खूश होते. सांगते ना, खरंच होते. कबुली दिली, बाईचं आयुष्य सुधारलं, मुलाशी गाठ घालून दिली. पाटणपर्यंत येईतो डोळे पुसण्याइतका मोठेपणा अंगात आला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीत गेले. उन्हानं पाणी आणखी आटलं होतं. खाली दूर, गाळाच्या मधोमध, दगडाचं काहीतरी वर आलं होतं, देवळाचं असेल किंवा नुसता खडक. जाऊबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, माझ्या कबुलीसकट, जरा रंगवूनच. आणि म्हटलं, आक्कांचं सामान बांधायला घेऊया, मी मदत करते.

जाऊबाई उठल्या नाहीत. हातातल्या शेंगेनंच आतल्या कोपऱ्याकडे दाखवलं.

कोपऱ्यात गाठोडं होतं. चारी टोकांना गच्च बांधलेलं, वर पितळी तांब्या अडकवलेला.

"तुमी सांगलीला चला म्हनायच्या आदी चार दिस बांदून ठिवलंय," जाऊबाई म्हणाल्या. "म्या म्हटलं, आता द्येव काय म्हनंल? तर म्हनली, त्याला काय इचारायचं न्हाई, पर गुरविनीला सांगितल्याबिगर कशी जाऊ, तिला वाईट वाटंल."

मी ते गाठोडं उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा बरंच हलकं होतं. काठाकाठानं उतरताना खालच्या गाळातून कोणीतरी आपल्याला आकडा विचारतंय असं मला सारखं वाटत राहिलं, आणि या वेळी सांगायला माझ्याकडे एकही आकडा नव्हता.